जिनिंग कारखान्यातील डक्ट व स्प्रिंकलर यंत्रणा : बीड जिल्ह्याच्या संदर्भात नियोजनाचा विचार

प्रस्तावना :

मराठवाड्यातील बीड जिल्हा ऊसतोड मजुरांचा जिल्हा म्हणून ओळखला जात असला, तरी कापूस हे येथील खरीप हंगामाचे प्रमुख नगदी पीक आहे. माजलगाव, गेवराई, धारूर या परिसरात शेतकऱ्याचा कापूस जिनिंग-प्रेसिंग कारखान्यात जातो. तेथे रुई व सरकी वेगळी होते आणि रुईच्या सुमारे 170 किलो वजनाच्या गाठी बांधल्या जातात. केंद्र शासनाने 2000 मध्ये सुरू केलेल्या कापूस तंत्रज्ञान अभियानातून देशातील अनेक जिनिंग कारखान्यांचे आधुनिकीकरण झाले. पूर्वी हमालांच्या डोक्यावरून वाहिला जाणारा कापूस हवेच्या झोताने पत्र्याच्या डक्टमधून जाऊ लागला. रुईत मिसळणारा कचरा त्यामुळे कमी झाला; परंतु छताखालची जागा डक्टनी व्यापली. आग लागताच आपोआप पाणी फवारणाऱ्या स्प्रिंकलर यंत्रणेलाही नेमकी तीच जागा हवी असते. या दोहोंची सांगड आराखड्यातच कशी घालावी, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

आगीचे स्वरूप :

कापसाबरोबर आलेला खडा किंवा लोखंडाचा तुकडा फिरत्या यंत्रावर आदळला की ठिणगी उडते. ही ठिणगी हवेच्या झोताबरोबर डक्टमधून पुढे जाते आणि रुईच्या ढिगात शिरते. म्हणजेच आग जेथे जन्मते तेथेच ती दिसेल, असे नाही. शिवाय रुई वरून विझल्यासारखी दिसली तरी आत बराच काळ धुमसत राहते. गाठीच्या बाबतीत तर हा धोका कित्येक दिवस टिकतो.

स्प्रिंकलरची अपेक्षा :

स्प्रिंकलरच्या तोंडाशी द्रवाने भरलेली काचेची कुपी असते. ठराविक तापमानाला ती फुटते व केवळ तेवढेच तोंड उघडते. सर्व तोंडांतून एकाच वेळी पाणी कोसळते हा समज बऱ्याच अंशी चित्रपटांनी रूढ केला आहे. येथे दोन गोष्टी साधाव्या लागतात : आगीची उष्णता कुपीपर्यंत पोचली पाहिजे आणि छत्रीच्या आकाराने पसरणारे पाणी आगीपर्यंत पोचले पाहिजे. चुकीच्या जागी बसवलेला डक्ट या दोन्ही कामांत आडवा येतो.

या संदर्भात अमेरिकेच्या एनएफपीए-13 या मानकातील नियम उद्बोधक आहेत. मध्यम धोक्याच्या जागेत नेहमीच्या एका तोंडाने जास्तीत जास्त 12.1 चौरस मीटर क्षेत्र सांभाळावे व दोन तोंडांत 4.6 मीटरपेक्षा अधिक अंतर नसावे. तोंड डक्टच्या बाजूपासून 300 मिलिमीटरच्या आत असेल, तर डक्टचा तळ फवारा पसरवणाऱ्या चकतीच्या खाली उतरता कामा नये. तोंड जसजसे दूर सरकते तसतशी डक्टला थोडी अधिक खाली येण्याची मुभा मिळते. डक्ट 1.2 मीटरहून अधिक रुंद असेल तर मात्र त्याच्या खाली स्वतंत्र तोंडे बसवावीच लागतात. व्यवहारात खरी फसगत होते ती शेजारी शेजारी टाकलेल्या अरुंद डक्टमुळे. प्रत्येक डक्ट नियमात बसतो, पण सर्व मिळून खाली एक रुंद कोरडा पट्टा तयार होतो. भारतात आयएस 15105 व राष्ट्रीय इमारत संहिता विचारात घ्यावी लागते. प्रत्यक्ष आराखडा त्यांनुसारच तपासावा.

नियोजनाचा क्रम :

डक्टला वळणे सोसत नाहीत. प्रत्येक वळणाला हवेचा अवरोध वाढतो, कापूस अडकतो आणि पंख्याचा वीजखर्च चढतो. पाण्याची नळी त्या मानाने सोशिक असते. म्हणून मुख्य डक्टचा मार्ग प्रथम निश्चित करावा, त्यानंतर स्प्रिंकलरची तोंडे आखावीत आणि तोंडांना जोडणाऱ्या नळ्या शेवटी वळवाव्यात. तोंडांची जागा अडत असेल तर डक्टने सरकावे. नळी अडत असेल तर नळीने. दोन ठेकेदारांपैकी जो आधी येईल त्याने जागा बळकवायची, हीच रीत अनेक ठिकाणी दिसते आणि तिची किंमत नंतर तोडफोडीत मोजावी लागते. डक्ट शक्यतो गोल असावा. चौकोनी डक्टच्या सपाट माथ्यावर रुईचा थर साचतो व तोच आगीला वाट करून देतो. डक्टची साफसफाईची दारे नळीमुळे अडू नयेत. डक्टला नळी टांगू नये आणि नळीला डक्टही टांगू नये. कुपीवर साचलेली रुई उष्णतेला अडवते. त्यामुळे हंगामात तोंडांची सफाई नित्याची असावी.

चालू पंखा हा आणखी एक शत्रू. तो उष्ण हवा दुसरीकडे ओढतो, त्यामुळे कुपी उशिरा फुटते आणि ठिणग्या पुढे जात राहतात. नळीतून पाणी वाहू लागताच पंखे आपोआप बंद होतील अशी विद्युत जोडणी आराखड्यातच असावी.

स्थानिक परिस्थिती :

बीडच्या उन्हाळ्यात पारा 40 अंशांच्या वर जातो आणि पत्र्याच्या छताखाली उष्णता त्याहून अधिक असते. सर्वत्र वापरली जाणारी 68 अंशांची लाल कुपी छतालगतचे तापमान 38 अंशांच्या आत राहील अशा जागेसाठी आहे. येथे 93 अंशांची हिरवी कुपी अधिक योग्य ठरते.

पाण्याचा प्रश्न याहून बिकट आहे. 80 गुणांकाचे एक तोंड 1 बार दाबाला मिनिटास 80 लिटर पाणी सोडते. 20 तोंडे तासभर चालली तर 96,000 लिटर, म्हणजे 12,000 लिटरचे आठ टँकर लागतात. 2016 च्या उन्हाळ्यात शेजारच्या लातूर शहराला रेल्वेने पाणी पोचवावे लागले होते. अशा प्रदेशात एवढा साठा केवळ आगीसाठी राखून ठेवणे मालकाला जड जाते आणि टाकीतील पाणी हळूहळू इतर कामांना वापरले जाते. यावर साधा उपाय आहे : इतर वापराची नळी टाकीच्या तळाशी न जोडता राखीव पातळीच्या वर जोडावी, म्हणजे पाणी त्या पातळीला येताच इतर वापर आपोआप थांबतो.