पोरं कुणी नेली?

ऑक्टोबर २०२५ मध्ये, दिवाळीआधी, नाशिकने एक वाक्य तोंडपाठ केलं : 'नाशिक जिल्हा, कायद्याचा बालेकिल्ला.' पोलिसांनी उचललेले भाई, दादा, अण्णा हात जोडून ते म्हणत होते आणि अवघं शहर ते व्हिडिओ एकमेकांना पाठवत होतं. पोलीस आयुक्त संदीप कर्णिक यांच्या गुंडांविरुद्धच्या त्या मोहिमेत सत्ताधारी पक्षांचे काही स्थानिक पुढारीही आत गेले, त्यामुळे लोकांना जास्तच समाधान. मलाही झालं, खोटं कशाला बोलू? पण फराळाला जमलेल्या मंडळींत एका निवृत्त बँक अधिकाऱ्याने "ही जातच तशी, जन्मतःच वाया गेलेली" असा निकाल दिला आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. तेव्हापासून डोकं ठिकाणावर नाही. ही पोरं जन्मली, शाळेत गेली आणि वाया गेली, तेव्हा मी इथल्या सिडको वसाहतीतच राहत होतो. तो गृहस्थही राहत होता.

जुन्या नाशकातली दांडगाई मला फारशी आठवत नाही आणि तिचं कौतुकही नाही. तालमी होत्या, गल्ल्या होत्या, रंगपंचमीला रहाडीत, म्हणजे रंगाच्या हौदात, धप्पा मारण्यावरून होणाऱ्या कुरबुरी होत्या. पण दांडगट पोराला ओळखणारा वस्ताद गल्लीतच असायचा आणि त्याच्या कानफटात द्यायचा हक्क निम्म्या पेठेला होता. पुढे सातपूर-अंबडला कारखाने आले, सिडकोने एकामागून एक सहा योजना उभ्या केल्या, धुळे-जळगावकडची माणसं अहिराणी बोलत इथे येऊन स्थिरावली. नव्वदीचं दशक मी ओलांडूनच जातो. तेव्हाची भाषणं, गेटसभा, शाखांचे फलक सगळं एकसुरी होतं. बाप पाळीवर जायचा, पोरगा आयटीआयला, आणि 'कंपनीत लागला' एवढ्यावर लग्न ठरायचं.

माझ्या हिशेबात खरी घसरण २००८ ते २०१७ या दशकातली. २००८ मध्ये मायको कंपनीचं नाव बॉश झालं. सर्कलचं नाव लोकांनी मायकोच ठेवलं, पण मायकोत बाप लागला म्हणून पोरगाही लागेल, हा भरवसा त्याच सुमारास औद्योगिक वसाहतीतून उठला. परमनंटची जागा ठेकेदाराच्या माणसाने घेतली, मग 'नीम' या सरकारी योजनेतले प्रशिक्षणार्थी आले. सहा महिने काम, मग ब्रेक, मग दुसरं गेट. ओव्हरटाइम करून बापाने घरावर मजला चढवला होता. त्याच घरातल्या पोराला आता ठेकेदार कोण, हेही दर वर्षी नव्याने विचारावं लागत होतं.

हे सांगितलं की लोक म्हणतात, गरीब तर आम्हीही होतो. मान्य. नुसत्या गरिबीने कुणी टोळीत जात नाही. त्या दशकात मी जी पोरं पाहिली, त्यातली बरीचशी पैशासाठी गेलीच नव्हती. ती मार खाऊन गेली. कॉलेजच्या गेटवर कुणीतरी चारचौघांत ठोकलं, मोबाइल काढून घेतला. पोलिसांकडे जावं तर 'आपसात मिटवा'. घरी सांगावं तर बाप रात्रपाळीला. मग चौकातल्या दादाला कळतं, तो एक फोन लावतो आणि संध्याकाळपर्यंत मोबाइल परत येतो. सतरा वर्षांच्या पोराला यापेक्षा कार्यक्षम संस्था शहरात दुसरी दिसत नाही. त्या दिवसापासून तो दादाचा. दादाच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर खालच्या रांगेत तिकिटाएवढा फोटो लागतो. दहावीच्या निकालातही कधी न छापलेलं त्याचं नाव 'शुभेच्छुक' म्हणून पवननगरपासून त्रिमूर्ती चौकापर्यंत झळकतं. घर दीड खोलीचं, मैदानावर कुणाचं तरी लॉन्स, अभ्यासिकेला कुलूप. बसायचं कुठे, तर दादाच्या ऑफिसच्या पायरीवर.

काम नंतर येतं. हप्ता थकलेली गाडी ओढून आणायची. वादातल्या प्लॉटवर आठ दिवस खुर्च्या टाकून बसायचं. बांधकामावर जाऊन 'वाळू-खडी आमच्याकडूनच' म्हणायचं. भंगाराच्या ठेक्याच्या वेळी कंपनीच्या गेटवर नुसतं उभं राहायचं. निवडणुकीत स्लिपा वाटायच्या आणि समोरच्याच्या स्लिपा वाटू द्यायच्या नाहीत. ही कामं देणारे कोण होते? फायनान्सवाले, जमिनीचे दलाल, बिल्डर, उमेदवार. सगळे पांढऱ्या कपड्यांतले. २०१५ चा सिंहस्थ तोंडावर होता, रस्ते रुंद होत होते, जमिनीचे भाव चढत होते आणि दिवाणी दाव्याला लागणारी वर्षं कुणालाच परवडत नव्हती. कोर्टाला वीस वर्षं लागतात ते काम पोरं एका रात्रीत करत होती, तेही बिर्याणी आणि पेट्रोलवर.

त्यातल्या एका मॅटरमध्ये नाव लागतं. कलम ३२४, कधी ३०७. आता न्याय संहिता आली, आकडे बदलले, पण तेव्हा पोरांनी ते दुचाकीवर मिरवले. मिरवण्यामागची गोष्ट कुणी पाहिली नाही. कंपनीत लागायचं तर पोलिसांचा चारित्र्य पडताळणीचा दाखला लागतो. एका गुन्ह्याची नोंद असली की तो कागद अडतो आणि खटला मात्र वर्षानुवर्षं बोर्डावर येत नाही. वर तडीपारी, दोन वर्षांपर्यंत. आई-बाप नाशकात, पोरगा जिल्ह्याबाहेर, तिथेही ओळख दादाचीच. एरवी या वयातली बहुतेक मस्ती नोकरी आणि लग्नाने आपोआप उतरते. इथे नोकरी नाही म्हणून लग्न नाही, आणि दाखला नाही म्हणून नोकरी नाही. आत शिरायला एक मारामारी पुरते, बाहेर यायला वाटच ठेवलेली नाही.

दादांनी कायदा वकिलांपेक्षा नीट वाचला. २०१५ च्या बालन्याय कायद्याने निर्घृण गुन्ह्यात सोळा ते अठरा वर्षांच्या मुलावर प्रौढासारखा खटला चालवायची सोय केली, पण ती अपवादाची. एरवी सतराचा पोरगा उंटवाडीच्या निरीक्षणगृहातून लवकर घरी येतो. म्हणून कोयता त्याच्या हातात. रात्री उभ्या गाड्या पेटवायच्या, काचा फोडत जायचं, हे याच दशकात सिडकोच्या अंगवळणी पडलं. गाडी जळाली की आम्ही सकाळी खाली उतरून पाहायचो आणि कुणाची आहे ते कळल्यावर चहा प्यायला वर जायचो.

त्या काळातल्या काही मंडळींचं देणं अजून बाकी आहे. टोपणनावांसह मथळे देणाऱ्या बातमीदारांनी चौकातल्या फडतूस पोरांना दहशतीचं पद बहाल केलं. शांतता समितीच्या बैठकीत पहिल्या रांगेत कोण बसायचं, ते फोटोंत आहे. २०१२ ला मनसेने शहर बदलण्याचं वचन दिलं, २०१७ ला भाजपने. दोघांनाही मतं मिळाली, पण पोरांना दाराशी उभं करायची गरज कुठल्याच पक्षाची संपली नाही. २०१८ मध्ये 'मुळशी पॅटर्न' आला तेव्हा सिनेमाने पोरं बिघडतात म्हणून ओरड झाली. जमीन विकली गेली की पोरगा कुठे जातो, एवढंच तो सांगत होता; पाथर्डी-अंबडकडच्या कुणालाही ते पडद्यावर पाहायची गरज नव्हती. पुढे ऑक्टोबर २०२३ मध्ये नाशिकजवळच्या शिंदे गावात एमडी हा अमली पदार्थ बनवण्याचा कारखाना सापडला. तो शोधून काढायला साकीनाक्याचे पोलीस मुंबईहून आले.

यात अगदी नाशिकचंच असं काही नाही. १९८२ च्या संपानंतर गिरणगावातली पोरं कुठे गेली, ते मुंबईला माहीत आहे. शिकागोतल्या १,३१३ टोळ्या अभ्यासून फ्रेडरिक थ्रॅशर यांनी १९२७ मध्येच दाखवलं होतं की टोळी उगवते ती मधल्या पट्ट्यात, जिथे जुनी घडी मोडली आहे आणि नवी बसलेली नाही. गाव उठलेलं आणि शहर न पोचलेलं सिडको याहून वेगळं काय होतं?

त्यामुळे धरपकडीला माझा विरोध नाही. ज्याने खून पाडला त्याने तुरुंगातच जावं, आणि या खेपेला पांढरे कपडेही आत गेले, हे नाशकात नवलच. माझी तक्रार पुढची आहे. एक दादा आत गेला की त्याचा चौक रिकामा होतो आणि पायरीवरची पोरं तिथेच असतात. ऑगस्ट २०२७ मध्ये सिंहस्थाचं पहिलं अमृतस्नान आहे. पार्किंग, मंडप, खडी, पहारा, सगळीकडे पोरं लागतीलच. किरकोळ गुन्ह्यात पहिल्यांदा नाव आलेल्यांचे खटले तातडीने निकाली काढा, निर्दोष सुटला त्याला महिन्यात दाखला द्या, आणि सिंहस्थाच्या प्रत्येक ठेक्यात वस्तीतल्या पोरांची हजेरी त्यांच्या नावावर, त्यांच्या बँक खात्यावर दाखवायची अट घाला. नाहीतर तीच पोरं त्याच कामांवर नव्या दादाच्या नावाने उभी राहतील, आणि २०२८ च्या फराळाला आपण पुन्हा त्यांच्या जन्माचा दोष काढू.