मागचा लाल दिवा

पहाटे ५.३०

पौषातली थंडी, त्यात आज धुकं. मानवतहून पाथरीकडे निघालं की रस्त्याकडेला माझी पत्र्याची टपरी आहे, मोटारसायकलच्या वायरिंगची. घर तिच्या मागेच. उठल्यावर चहा व्हायच्या आत मी अंगणात उभा राहतो आणि जाणाऱ्या गाड्यांच्या पाठी बघतो. वीस वर्षांची सवय आहे. उसाच्या दोन ट्रॉल्या गेल्या, दोन्हींच्या पाठी काळ्या. त्यांच्यामागे एक मोटारसायकल गेली, तिचा एकच लाल ठिपका.

त्या एका ठिपक्याचीच मला भीती वाटते. अंधारात एकच दिवा दिसला तर तो पन्नास फुटांवर आहे की दोनशे, हे डोळ्याला कळत नाही. दोन दिवे असले की जवळ जाईल तसं त्यांच्यातलं अंतर वाढताना दिसतं आणि पाय आपोआप ब्रेकवर जातो. म्हणून ज्याच्या गाडीमागे रोज ओझं असतं त्याला मी सांगतो, कंपनीचा दिवा आहे तो राहू दे, पण दोन्ही टोकांना एकेक आणखी लाव.

६.१५

दूधवाले मामा आले. जुनी स्प्लेंडर, दोन्ही बाजूंना लोखंडी चौकटीत दोन-दोन कॅन, सीटवर पाचवा. टेललाइट त्या कॅनांच्या मधल्या फटीत. सरळ मागे उभं राहिलं तर चार बोटं लाल दिसतं, जरा तिरकं झालं की तेही नाही. इंडिकेटर तर पार झाकलेले.

"मामा, आज दिवे लावूनच जा."

"आता नको रे बाबा, सेंटर बंद होईल. येताना थांबतो."

हे ते महिनाभर म्हणतायत. मग मी त्यांना पाच मिनिटं थांबवलं आणि कॅनांच्या पाठीवर लाल रिफ्लेक्टर टेप लावली. कॅन दवानं ओले होते, ओल्यावर टेप धरत नाही. एरवी मी पेट्रोलच्या बोळ्यानं पुसतो, पण दुधाच्या कॅनला पेट्रोलचा वास लागू द्यायचा नाही. कोरड्या फडक्यानं घासून घेतलं, बोटानं कडा दाबल्या. ही टेप स्वतः उजेड देत नाही, मागच्या गाडीचा उजेड आला त्याच दिशेला परत पाठवते. इंजिन बंद पडून गाडी कडेला उभी असली तरी ती काम करते. चिखल बसला की मात्र संपलं. मामांना सांगितलं, कॅन धुताना टेपही धूत जा.

९.००

गर्दीची वेळ. 'टेललाइट बंद आहे' म्हणून येणाऱ्या गाड्यांत निम्म्या वेळा बल्ब चांगलाच निघतो. मडगार्डला गंज चढलेला असतो, अर्थची जोडणी तुटलेली असते. टेस्ट लॅम्प लावला की लगेच कळतं. पान्यानं नट सोडवायचा, पॉलिश पेपरनं पत्रा चकचकीत करायचा, थिंबल परत कसायचं. याचे मी पैसे घेत नाही.

एकाचा दिवा कायम भगभगीत आणि ब्रेक दाबला तरी फारसा फरक पडायचा नाही. त्यानं घरीच बल्ब बदलला होता. हा बल्ब १२ व्होल्टचा, आत दोन तारा, ५ वॉटची टेलची आणि २१ वॉटची ब्रेकची. बुडाला दोन पिना असतात, एक खाली, एक वर, म्हणजे तो एकाच बाजूनं बसावा. यानं जोर लावून उलटा बसवला होता. २१ वॉट सतत जळून लाल काच आतून करपली होती. नवी काच टाकावी लागली. मागच्या माणसाला असली गाडी सतत ब्रेक मारल्यासारखी दिसते आणि खरा ब्रेक लागतो तेव्हा कळतच नाही. बंद दिव्याइतकंच हे घातक आहे, आणि चालवणाऱ्याला त्याचा पत्ता नसतो, कारण गाडीवरचा हा दिवा त्याला स्वतःला कधी दिसत नाही.

११.३०

मामा रिकामे कॅन वाजवत आले. बाजेवर बसले, मी सीट काढली.

जुन्या स्प्लेंडरला एक गोष्ट सांभाळावी लागते. तिचा हेडलाइट आणि टेललाइट इंजिनच्या कॉइलवर थेट चालतात, बॅटरीवर नाही. म्हणून इंजिन हळू झालं की दिवा मंदावतो. त्या तपकिरी वायरवर एलईडी जोडला की तो लुकलुकतो आणि काही दिवसांत जातो. मग गिऱ्हाईक म्हणतं, एलईडीत दम नाही. दम जोडणीत नसतो. मी चावीनंतरच्या काळ्या वायरवरून लाइन घेतो, ती बॅटरीची. ब्रेकसाठी हिरवी-पिवळी आणि अर्थसाठी हिरवी. थेट बॅटरीच्या टोकावरून कधीच घेत नाही. रात्रभर दिवा चालू राहिला तर सकाळी हॉर्नसुद्धा वाजणार नाही. या गाडीची बॅटरी केवढी, अडीच अँपिअर-तासांची. जादा २१ वॉटचे बल्ब लावले तर तिचा जीव जाईल. एलईडीची जोडी दोन-तीन वॉटमध्ये भागते.

दोन लाल एलईडी घेतले, तीन वायरींचे. एकीवर बारीक पेटतात, दुसरीवर लख्ख. कॅनच्या चौकटीच्या मागच्या दोन टोकांना पट्टी वाकवून बसवले. वायर चेसिसच्या आतल्या अंगानं नेली, सायलेन्सरपासून लांब. चौकट हलते तिथे वायरीला थोडा झोल ठेवला, ताणून बांधली तर महिन्यात तुटते. जोडावर सोल्डर, त्यावर स्लीव. शेवटी सीटखाली एक कपलर. मामांनी विचारलं, हे कशाला? म्हटलं, लग्नाकार्याला जाताना चौकट काढून ठेवता ना, मग हा नुसता ओढायचा.

"बटण नाही बसवलं?"

"नाही. चावी फिरवली की दिवा लागलाच पाहिजे. बटण असलं की माणूस विसरतो."

१ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाक्यांचा हेडलाइट इंजिनसोबत कायम चालू असतो, तोही याच विचारानं. मामांची गाडी त्याआधीची.

ब्रेक दाबून बघितला. फिलामेंट तापून लाल व्हायला क्षणभर घेतो, एलईडी तत्क्षणी पेटतो. फरक एक पंचमांश सेकंदाचा. पण मागून ताशी साठनं येणारी गाडी तेवढ्यात तीन मीटर पुढे सरकते. दीड मोटारसायकलचं अंतर.

दुपारी १.३०

भाकरी, ठेचा, हरभऱ्याची भाजी. थोरले भाऊ जेवायला टपरीतच येतात. जेवण झालं की ते स्टुलावर बसून स्लीवचे तुकडे कापून ठेवतात. त्यांच्या उजव्या पायात रॉड आहे. नऊ वर्षांपूर्वी दिवस बुडताना ते शेतातून गाडीला कडब्याच्या पेंढ्या बांधून येत होते. पेंढ्या दोन्हीकडून खाली लोंबलेल्या, दिवा चालू होता पण पेंढ्यांच्या आत. मागून जीप आली. जीपवाला रडत सांगत होता, मला दिसलंच नाही. मी त्याच्यावर खूप चिडलो होतो. महिनाभरानं भाऊंची मोडकी गाडी टपरीत आणली, टेललाइट तपासला तर तो नीट पेटत होता. त्या दिवसापासून मी नुसता बल्ब लागतो का हे बघत नाही, मागून दिसतो का ते बघतो.

३.००

कॉलेजचा एक मुलगा आला. त्याला मागे पांढरा-निळा फडफडणारा दिवा हवा होता, पोलिसांच्या गाडीसारखा. मी नाही म्हटलं. १९८९ च्या मोटार वाहन नियमांप्रमाणे मागे लालच दाखवायचा. नंबर प्लेटवरचा पांढरा आणि वळण्याचा पिवळा यांना मुभा. नियम बाजूला ठेवला तरी अंधारात पांढरा दिवा दिसला की मागचा माणूस समजतो गाडी आपल्याकडे येतेय, आणि तो चुकीच्या बाजूला वळतो. "काका, सगळे लावायलेत," म्हणाला. त्याला पटलं नाही, तो गेला. दुसरीकडे बसवून घेईल, याचं वाईट वाटतं.

४.३०

उसाच्या टायरगाड्या कडेला थांबल्या. बैलांना पाणी दाखवायला माझ्या हौदावर येतात. तोडीची माणसं, मुलंबाळं गाडीवरच. गाडीला वीज नाही, दिवा कुठून लावणार. त्यांच्यासाठी मी टेपचे उरलेले तुकडे डब्यात जपून ठेवतो. उसाच्या मोळीवर टेप टिकत नाही, म्हणून गाडीच्या मागच्या आडव्या लाकडावर दोन टोकांना दोन लावले. एक बाई म्हणाली, "भाऊ, बैलाच्या शिंगालाबी लावा की." पुढच्या अंगाला लाल नको म्हणून शिंगांना पांढरे लावून दिले.

६.१५

दिवस बुडाला. दिवसाभरात बसवलेल्या दिव्यांची परीक्षा मी याच वेळी घेतो. भाऊ गाडीवर बसून ब्रेक दाबतात, मी रस्त्यानं शंभर पावलं मागे जातो, मग डावीकडे आणि उजवीकडे होऊन बघतो. आज तीन गाड्या होत्या. एकीचे दिवे फार खाली बसले होते, मागे चढाव असला की दिसले नसते. ते उचलून कॅरिअरवर घेतले. उंचीला महत्त्व आहे. अमेरिकेत १९८६ च्या मॉडेलपासून कारच्या मागे मधोमध उंचावर तिसरा ब्रेकलाइट सक्तीचा झाला, तोही मागच्याला लवकर दिसावा म्हणूनच.

७.२० च्या सुमारास मामा संध्याकाळचं दूध घालून परत निघाले. गतिरोधकापाशी त्यांनी ब्रेक मारला. मधली फट आणि दोन्ही टोकं, तिन्ही एकदम उजळली. भाऊ म्हणाले, "आता दिसायलाय बघ."

रात्री ९.४५

टपरी बंद करताना शेजारच्या शिवारातला एक पोरगा आला. या आठवड्यात शेताला रात्रीची लाइट आहे. गव्हाला पाणी द्यायला कालव्याकडे निघालेला, मागे पाइपाचं भेंडोळं बांधलेलं. टेललाइट भेंडोळ्याच्या आत. लाइट यायला पंधरा मिनिटं होती. मी सीट उघडली नाही. भेंडोळं सोडून वरती बांधलं, दिवा मोकळा केला आणि पाइपाच्या दोन्ही टोकांना टेप गुंडाळली.

तो गेला. दिवा बराच वेळ दिसत होता, मध्येच थरथरायचा. नंबर प्लेटचा नट ढिला आहे. सकाळी परत येईल तेव्हा कसून द्यायचा आहे.