नळी, रीड आणि बावीस श्रुती

नागपूरच्या उन्हाळ्यात पाइप ऑर्गनचं काय होईल, याचा हिशेब कागदावर सहज मांडता येतो. ऑर्गनची नळी शिट्टीसारखी वाजते. तिची लांबी ठरलेली असते. आवाजाचा हवेतला वेग मात्र तापमानाबरोबर वाढतो. 20 अंशांवर जुळवलेली नळी मे महिन्यात रामदासपेठेत, 45 अंशांवर, साधारण चार टक्के चढेल. सा आणि कोमल रिषभ यांच्यात अंतरच सुमारे सहा टक्क्यांचं. म्हणजे दोन तृतीयांश सूर उन्हानेच खाल्ला! त्याच खोलीतली पेटी (हार्मोनियम) जेमतेम किंचित उतरते, कारण तिच्यात नळीच नाही.

पेटीत असते रीड. पितळेची पातळ जीभ, एक टोक पक्कं बसवलेलं, दुसरं मोकळं, खाली तिच्याच मापाची खाच. भात्यातला वारा खाचेतून जाताना जीभ आतबाहेर झुलते आणि वाऱ्याचे तुकडे पाडते, तोच सूर. सुराची उंची ठरते ती जिभेची लांबी, जाडी आणि वजन यांवर. कारागीर मोकळं टोक घासतो तेव्हा सूर चढतो, बुडाशी घासतो तेव्हा उतरतो. वारा वाढवला तर आवाज वाढतो, सूर जवळजवळ जागचा हलत नाही. चांगला पेटीवादक भात्यावरच्या हाताने जी जान आणतो ती याच गुणामुळे.

नळीचं तसं नाही. वारा वाढला की तिचा सूर चढतो, आणखी वाढला तर तो वरच्या सप्तकात उडी मारतो. म्हणून ऑर्गन बांधणारे वाऱ्याचा दाब स्थिर ठेवतात, आणि लहानमोठ्या आवाजासाठी काही नळ्या झडपांच्या खोलीत कोंडून झडपा उघडतात-मिटतात. स्टुटगार्टच्या फ्राउनहोफर संस्थेत युडिट आंगस्टर यांच्या गटाने ऑर्गन कारखान्यांना सोबत घेऊन नळ्यांची मापं आणि वाऱ्याची व्यवस्था यांचा भौतिकशास्त्राच्या अंगाने अभ्यास केला. स्वित्झर्लंडमध्ये बर्नला डानिएल ग्लाउस यांनी वेगळीच वाट धरली: पट्टी किती दाबली यावर नळीला मिळणारा वारा बदलावा, असा ऑर्गन. आपल्याकडे गल्लीतल्या भजनी मंडळाच्या पेटीला जे भात्याने जमतं, ते नळीला शिकवण्याची ही खटपट आहे, असं मला वाटतं.

आपली खटपट वेगळी. 1840च्या दशकात पॅरिसच्या दबेंने हार्मोनियमचं पेटंट घेतलं, कोलकात्याच्या द्वारकानाथ घोष यांनी ती हाताने भाता मारायची केली, आणि मराठी संगीत नाटकात पायपेटी व ऑर्गन स्थिरावले. (नाटकातला तो ऑर्गनही रीडचाच, फरक इतकाच की त्यात वारा ढकलला जात नाही, ओढला जातो.) पण पेटीबरोबर युरोपची बारा समान सुरांची जुळणीही आली. 1940 मध्ये ऑल इंडिया रेडिओने पेटीवर बंदी घातली, त्यामागे हेही एक कारण होतं.

नेमकं काय बिघडतं? सा सेकंदाला 240 कंपनांचा धरा. तानपुऱ्याच्या खर्जातून आपोआप ऐकू येणारा गंधार त्याच्या सव्वापट, म्हणजे 300. समान जुळणीच्या पेटीचा गंधार 302.4. फरक क्षुल्लक वाटतो. पण सा आणि ग एकत्र धरले की साचा पाचवा उपस्वर 1200 वर असतो आणि गंधाराचा चौथा सुमारे 1209.5 वर. दोघांची टक्कर होऊन सेकंदाला साडेनऊ हेलकावे ऐकू येतात. गायकाला खुपतं ते हे.

यावर पहिला मोठा प्रयत्न सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांचा. ई. क्लेमेंट्स या सनदी अधिकाऱ्याच्या साथीने त्यांनी श्रुती, म्हणजे सुरांमधले असे सूक्ष्म भेद, वाजवणाऱ्या श्रुती-हार्मोनियमचा पाठपुरावा केला. 1916 च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत ती पेटी कडक टीकेला सामोरी गेली आणि प्रचारात आली नाही. पुढे डॉ. विद्याधर ओक यांनी 22 श्रुतींची हार्मोनियम बनवून पेटंट घेतलं. ओक औषधशास्त्राचे डॉक्टर. त्यांची मांडणी मला सर्वांत व्यवहार्य वाटते: सा आणि प अचल, उरलेल्या दहा सुरांच्या दोन-दोन श्रुती, मिळून बावीस. पट्ट्या बाराच. ज्या सुराच्या दोन श्रुती त्याच्या पट्टीखाली एक खुंटी. ती ओढली किंवा ढकलली की दुसरी श्रुती. 300 चा गंधार हवा की 303.75 चा, हे वादक राग सुरू करण्यापूर्वी ठरवतो. बोटांची सवय मोडत नाही. देवलांच्या काळापेक्षा ही मोठी सोय.

नागपुरात 1929 मध्ये जन्मलेले पं. मनोहर चिमोटे मात्र श्रुतींच्या वादात न पडता गुंजनाकडे वळले. त्यांनी पेटीला स्वरमंडळ जोडलं, तिला संवादिनी म्हटलं आणि साथीच्या वाद्याला एकलवादनाच्या बैठकीवर बसवलं. रीडचा सूर पट्टी सोडताच तुटतो. तारांची गुंज ती पोकळी भरून काढते.

दरबारीचा आंदोलित गंधार मात्र खुंटीलाही जमत नाही आणि तारेलाही. तो एका श्रुतीवर थांबतच नाही, आणि रीडला सरकता येत नाही. तिथे वादक कणस्वर आणि भात्याचा दाब यांवर वेळ निभावतो.