मृगातली शेवळं, माघातली पोपटी

पुण्याकडे निघालेली गाडी कर्जतला थांबली की डब्यातले निम्मे लोक दाराकडे सरकतात. उतरायचे फारसे कोणालाच नसते. मागे इंजिने जोडली जात असतात. इथून पुढे भोर घाटाचा चढ दर ३७ फुटांना एक फूट इतका उभा होतो आणि पुढच्या एकट्या इंजिनाला तो झेपत नाही, म्हणून मागून ढकलायला इंजिने लावायची. रेल्वेवाले त्यांना ‘बँकर’ म्हणतात. ती जोडणी होईपर्यंतची काही मिनिटे आणि तेवढ्यात दारातून आत येणारा दिवाडकरांचा गरम बटाटेवडा. कर्जतचे नाव ज्या चवीने महाराष्ट्रभर नेले, ती चव घाटाच्या चढाने दिलेली आहे.

या वड्याची सख्खी जुळी बहीण जपानात आहे. तोक्योकडून नागानोकडे जाताना उसुई नावाचा घाट लागतो. तिथला चढ आपल्यापेक्षाही उभा, दर १५ फुटांना एक फूट. घाटाच्या पायथ्याशी योकोकावा नावाचे छोटे स्टेशन. तिथेही इंजिने जोडायला गाडी थांबायची. ओगिनोया या स्थानिक दुकानाने १९५८ मध्ये त्या थांब्यावर मातीच्या लहानशा हंडीत भात विकायला सुरुवात केली. वर कोंबडी, बांबूचा कोंब, अळंबी, लावीचे अंडे, गोडाला एक जर्दाळू. नाव ‘तोगे-नो-कामामेशी’. तोगे म्हणजे घाट, कामा म्हणजे हंडी, मेशी म्हणजे भात. आपल्या भाषेत सरळ ‘घाटातला हंडीभात’ म्हणावे. स्टेशनावर विकल्या जाणाऱ्या अशा डब्याला जपानात ‘एकिबेन’ म्हणतात. हा प्रकार १८८५ च्या सुमारास सुरू झाला असे मानतात आणि आज तिथल्या बहुतेक मोठ्या स्टेशनांचा आपापला डबा असतो. पुढे १९९७ मध्ये बुलेट ट्रेन आली, उसुई घाटातला जुना मार्ग बंद झाला, गाडी थांबायची राहिली. हंडीभात मात्र हायवेवर जाऊन बसला आणि आजही विकला जातो.

दोन्ही गोष्टी शेजारी ठेवल्या की एक खोच लक्षात येते. योकोकावाच्या हंडीत डोंगर आहे. कर्जतच्या वड्यात कर्जत कुठे आहे? बटाटा या मातीतला नाही. हरभरा इथले पीक नाही. पाव तर पोर्तुगीजांबरोबर आलेला. कर्जत-खालापूरच्या शेतात पिकतो भात, आणि भातानंतर वाल. मी वड्याचा भक्त आहे आणि खोपोलीला जुन्या हायवेवरच्या रमाकांतच्या वड्यासाठीही गाडी वळवलेली आहे, तेव्हा ही निंदा समजू नये. पण प्रवासात त्या-त्या भागाचे, त्या-त्या ऋतूचे खावे अशी ज्याची हौस आहे, त्याला वडा खाऊन कर्जत कळणार नाही.

मग कुठे खावे? या प्रश्नाचे उत्तर शोधत मी गेली काही वर्षे कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांत हिंडतो आहे आणि दर वेळी प्रश्नच थोडा चुकीचा वाटला आहे. इथे ‘कुठे’च्या आधी ‘कधी’ विचारावे लागते. एका रिसॉर्टमध्ये भर जुलैत जेवायला बसलो होतो. खिडकीबाहेर डोंगर हिरवागार, धबधबे लोंबत होते, आणि टेबलावर पनीर बटर मसाला, व्हेज कोल्हापुरी, गाजराचा हलवा. रानभाजी काही आहे का म्हणून विचारले, तर वाढणारा मुलगा हसला. जवळच्याच वाडीचा होता. घरी त्या दिवशी टाकळा होता, म्हणाला.

मृग नक्षत्र लागते ७-८ जूनच्या सुमारास. त्याच्या चार दिवस अलीकडे-पलीकडे, पहिल्या सरी पडल्या की सकाळी कर्जत किंवा नेरळ स्टेशनाबाहेर ठाकूर-कातकरी बायका टोपल्या घेऊन बसतात. टोपलीत जांभळट-तपकिरी, टोकदार कोंबांच्या जुड्या असतात. ही शेवळं. जंगली सुरणाच्या कुळातली ही वनस्पती. जमिनीतल्या कंदातून आधी फुलाचा दांडा वर येतो आणि पान नंतर. आपण खातो तो फुलोरा. जुडीसोबत मूठभर हिरवी आंबट फळेही हातात पडतात. ती काकडं. नवखा माणूस ती नको म्हणतो आणि फसतो. शेवळं खाजरी असतात. त्यांच्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, ते घशाला टोचतात; आंबटाची जोड दिली की खाज मोडते. काकडं नसली तर चिंच, पण काकडांची सर तिला नाही. वरचे आवरण सोलायचे, आतल्या कणसाचा पिवळट भाग काढून टाकायचा, उरलेले बारीक चिरून तेलावर चांगले परतायचे, मग काकडांचा रस. चांद्रसेनीय कायस्थ प्रभूंच्या घरात यात सोडे किंवा खिमा पडतो आणि त्या पंधरा दिवसांत शेवळांवरून नातेवाइकांत निरोपानिरोपी होते. वाडीवर सुकट घालतात, किंवा काहीच घालत नाहीत.

जपान्यांच्या डोंगरी भाज्यांचेही असेच. वाराबी नावाच्या नेच्याचे कोवळे कोंब ते राखेच्या पाण्यात भिजवून त्यांचा कडूपणा आणि दोष काढून घेतात, मगच शिजवतात. रानातले अन्न कुठेही फुकट मिळत नाही. त्याची किंमत ज्ञानात मोजावी लागते, आणि ते ज्ञान टोपलीमागे बसलेल्या बाईकडे असते. भाव करताना आपण ते हिशेबात धरत नाही. ‘मावशी, वीसला दोन द्या’ म्हणतो. ती देते आणि वर काकडं टाकते.

‘शुन’ हा जपानी शब्द मला यासाठी आवडतो. एखादा पदार्थ ऐन चवीवर असण्याचा काळ म्हणजे शुन. आणि त्याच अक्षराचा मूळ अर्थ दहा दिवस. त्यातही ते तीन पायऱ्या करतात: पदार्थाची पहिली चाहूल, मग भर, मग निरोपाची चव. आपल्याकडे शब्द नाही असे कोणी म्हणेल. पण आपल्याकडे नक्षत्रे आहेत. पावसाचे एक नक्षत्र तेरा-चौदा दिवसांचे. कर्जतच्या शेतकऱ्याचा सगळा हिशेब त्यावर चालतो: मृगात पेरा, आर्द्रा-पुनर्वसूत आवणी, हस्ताचा पाऊस दाण्यावर. बाजारातली टोपलीही त्याच घड्याळावर बदलते. मृगात शेवळं. त्याच्या मागोमाग टाकळा, तोही कोवळा असेपर्यंतच, लसूण आणि फणसाच्या आठळ्या घालून. गवतासारखी दिसणारी फोडशी म्हणजेच कुलू, तिचा मधला दांडा काढायचा आणि डाळ घालून करायची. कोरल, कुरडू, लोत. भारंगीची पाने कडू, फुले त्याहून बरी. वालाबरोबर ती निवते. बांबूचे कोंब येतात, त्यांना इथे वास्ते म्हणतात, आणि कोणी जपानी पाहुणा आला तर निदान या एका भाजीपुढे तो परका वाटणार नाही. श्रावणात कवळा. वारुळांवर उगवणारी अळंबी, जी सकाळी मिळाली तर मिळाली. करटोली भाद्रपदापर्यंत रेंगाळतात आणि ती एवढीच शहरी मंडईतही ओळखीची आहेत.

पहिल्या पावसात आणखी एक मेजवानी असते, तिच्याबद्दल मी जरा चाचरत लिहितो. ओढे भरून वाहू लागले की मासे उलट्या प्रवाहाने चढून भातखाचरांत येतात. ही वलगण. रात्री बत्ती घेऊन माणसे बाहेर पडतात, त्याच वेळी चिंबोऱ्याही मिळतात. वलगणीच्या माशाची चव मी विसरणार नाही. पण तो मासा अंडी घालायला निघालेला असतो, आणि ओढ्यांच्या तोंडाशी आता जाळी दाट झाली आहेत. शेवळांचेही तेच: फुलोरा खुडला की त्या वर्षी बी नाही. वाडीच्या पोटापुरते खुडणे रानाला झेपत होते. आमच्यासारख्या हौशींच्या गाड्या रांगेने उभ्या राहिल्यावर झेपेल का, हे मला विचारावेसे वाटते, आणि मी स्वतः त्या रांगेत असतो.

या टोपल्या येतात माथेरानच्या, राजमाचीच्या, इर्शाळगडाच्या उतारांवरच्या वाड्यांतून. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातली इर्शाळवाडी दरडीखाली गेली. ऐन पावसाळ्यातली ती रात्र. ज्या उतारावर रानभाजी उगवते, त्याच उताराखाली ती खुडणारी माणसे झोपतात. ऑगस्टमध्ये, ९ तारखेच्या जागतिक आदिवासी दिनाच्या आगेमागे, कृषी खाते ठिकठिकाणी रानभाजी महोत्सव भरवते. तिथे भाजीची नावे पाटीवर लिहिलेली असतात, शिजवून चाखायला मिळते, विचारता येते. नवख्याने सुरुवात तिथून करावी.

रस्त्याने येणाऱ्यांचे काय? खोपोली ही तशी रेल्वेच्याही आधीपासूनची थांबायची जागा. घाट चढण्यापूर्वीचा दम इथे घ्यायचा, म्हणून तर नाना फडणवीसांनी इथे तलाव बांधला, महादेवाचे देऊळ बांधले. १८५६ मध्ये रेल्वे घाटाच्या पायथ्याशी पोचली, १८५८ मध्ये वरचा खंडाळा-पुणे भाग सुरू झाला, पण मधला घाट १८६३ पर्यंत तयार नव्हता. तोवर प्रवासी खाली उतरून पालखीने, तट्टावरून वर जात. एवढ्या उसंतीत माणूस काही तरी खाणारच. आता द्रुतगती मार्गावर खालापूरजवळ फूड मॉल आहेत. दोशापासून बर्गरपर्यंत सारे मिळते. खालापुरात पिकलेले काय मिळते ते शोधून पाहावे. जपानने १९९३ मध्ये ‘मिचि-नो-एकि’, म्हणजे रस्त्यावरची स्टेशने, अशी योजना सुरू केली. गाडी थांबवायची जागा, स्वच्छतागृह आणि त्यालाच लागून आसपासच्या शेतकऱ्यांच्या मालाचे दुकान. पुष्कळ ठिकाणी भाजीच्या जुडीवर पिकवणाऱ्याचे नाव. आज अशी १,२०० हून अधिक स्थानके तिथे आहेत. आपल्या जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर चौक ते खोपोली पट्ट्यात बायका पावसाळ्यात करटोली आणि उन्हाळ्यात जांभळे-करवंदे घेऊन कडेला बसतात. स्थानक आपोआप झालेले आहे, छप्पर तेवढे नाही.

रेल्वेचाही थांबा आखडतो आहे. १० फेब्रुवारी २०२३ ला सुरू झालेली मुंबई-सोलापूर वंदे भारत मागचे इंजिन न घेता घाट चढते. कर्जत तिच्या खिडकीतून निघून जाते. योकोकावाची हंडी थांबा गेल्यावरही जगली, कारण लोक तिच्यासाठी वाट वाकडी करू लागले. आपला वडा जगेल यात मला शंका नाही. टोपलीचे सांगता येत नाही.

बसून जेवायचे असेल तर मी दोन वाटा सांगतो. एक, डोंगरपायथ्याच्या गावांत. कोथळीगडाखालच्या पेठसारख्या गावी ट्रेकर मंडळींना घरोघरी जेवण मिळते, आदल्या दिवशी सांगून ठेवायचे. तांदळाची भाकरी, पिठले, ठेचा हे ठरलेले. पण ‘तुमच्यासाठी आज जे केले असेल तेच द्या’ असे म्हटले तरच ताटात ऋतू येतो. पाहुण्याला रानभाजी वाढायला घरच्या बाईला संकोच वाटतो. ती कोंबडी कापायला निघते. दुसरी वाट कृषी पर्यटनाची. नेरळची सगुणा बाग या प्रकारातली महाराष्ट्रातली जुनी जागा. न नांगरता भात लावण्याचे ‘सगुणा राइस तंत्र’ही तिथलेच. तिथे ताटातला भात आणि शेतातला भात यांच्यातले अंतर काही पावलांचे राहते. कर्जतला कोकण कृषी विद्यापीठाचे भात संशोधन केंद्र आहे, कर्जत-३, कर्जत-७ अशा जातींना गावाचे नाव आहे. तरी इथल्या हॉटेलांत भात मागितला की लांबसडक, दुसऱ्या मुलखाचा येतो.

हिवाळ्यात मात्र पाहुणचार उघड्यावर होतो. भात कापल्यावर जमिनीत जी ओल उरते तिच्यावर वाल होतो, बहुधा पाण्याशिवाय. पौष-माघात शेंगा भरल्या की पोपटी लागते. मडक्याच्या तळाशी भांबुर्ड्याचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, मीठ, ओवा, मध्ये बटाटे, अंडी, मसाला लावलेली कोंबडी, पुन्हा शेंगा, आणि तोंडाला पाल्याचा घट्ट बोळा. पाण्याचा थेंब नाही, तेल नाही. मडके उपडे ठेवायचे, भोवती पेंढा-गोवऱ्या रचून पेटवायचे. अर्ध्या-पाऊण तासाने मडक्यावर पाणी शिंपडतात. चुर्र झाले की झाली. शेंगा आपल्याच वाफेवर शिजतात आणि भांबुर्ड्याचा उग्र वास, जो कच्चा नकोसा असतो, तो शेंगेत उतरून वेगळाच होतो. योकोकावाची हंडी लोक घरी नेतात. पोपटीचे मडके काळेठिक्कर होऊन शेताच्या बांधावर पडते. पोपटीला हॉटेलचे ताट मानवत नाही. काही ठिकाणी गॅसवरची पोपटी मिळू लागली आहे, ती उकडलेल्या शेंगा म्हणून खावी.

हा अंक हाती पडेल तेव्हा टोपल्या रिकाम्या असतील. करटोली संपलेली, शेवळांचा कंद जमिनीत निजलेला, जांभळे उन्हाळ्याच्या पलीकडे. खाचरांत कापणी चालू असेल आणि नव्या तांदळाची भाकरी ज्याच्या घरी मिळेल त्याच्याकडे मिळेल. संक्रांत होऊ द्यावी. वाल अजून पेरायचा आहे आणि बांधावरचा भांबुर्डा आत्ता कुठे वीतभर झाला आहे.