फुले तर निसर्गाचीच, मग बिघडले कुठे?

आमच्या शाळेच्या पर्यावरण मंडळातील मुले गणपती विसर्जनाच्या दिवशी नदीच्या घाटावर निर्माल्य गोळा करतात. पहिल्या वर्षी एका आजींनी त्यांना विचारले, "अरे बाळांनो, फुलं काय प्लास्टिकची आहेत का? पाण्यात कुजून जातील. त्यात बिघडलं कुठे?"

मुले गप्प झाली. "प्रदूषण होते" एवढेच त्यांना पाठ होते. खरे सांगायचे तर, घाटावर उभ्या असलेल्या आम्हा शिक्षकांनाही नेमके उत्तर देता आले नाही. आजींचा प्रश्न मात्र रास्त होता. फुले कुजतात हे खरेच आहे. पण कुजण्यासाठी काय लागते?

फुले कुजवतात ते सूक्ष्मजीव. पाकळ्यांतील कर्बोदके हे त्यांचे अन्न. त्याचे ज्वलन करण्यासाठी त्यांना आपल्यासारखाच ऑक्सिजन लागतो. दहावीच्या मुलांना ग्लुकोजच्या ज्वलनाचे समीकरण माहीत असते. त्यावरून हिशेब करता येतो. 180 ग्रॅम ग्लुकोजला 192 ग्रॅम ऑक्सिजन लागतो, म्हणजे जवळजवळ वजनास वजन.

आता पाण्याकडे पाहू. एक लिटर हवेत सुमारे 275 मिलिग्रॅम ऑक्सिजन असतो. 25 अंश सेल्सिअस तापमानाच्या एक लिटर स्वच्छ पाण्यात मात्र जेमतेम 8 मिलिग्रॅम विरघळलेला असतो. मासे त्या एवढ्याशा साठ्यावर जगतात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वर्गवारीत मत्स्यपालनासाठी लिटरमागे किमान 4 मिलिग्रॅम ऑक्सिजन अपेक्षित आहे.

समजा, झेंडूचा एक हार 100 ग्रॅमचा आहे. ताज्या फुलांत बहुतांश पाणीच असते. कोरडा भाग दहा ग्रॅम धरू. तो पूर्ण कुजायला सुमारे दहा ग्रॅम, म्हणजे 10,000 मिलिग्रॅम ऑक्सिजन लागेल. त्याला 8 ने भागा. उत्तर येते 1,250 लिटर. दोनशे लिटरची सहा पिंपे भरून उरेल एवढ्या पाण्यातला सगळा ऑक्सिजन एका हाराला लागतो!

हा हिशेब ढोबळ आहे, हे मुलांना जरूर सांगावे. सगळा हार एका दिवसात कुजत नाही. काही भाग गाळात रुततो. शिवाय वाहते, खळाळते पाणी हवेतून ऑक्सिजन घेत राहते. म्हणून भर पावसातील नदीला चार हार जाणवणार नाहीत. पण तळे, विहीर किंवा बंधाऱ्यात अडलेले पाणी यांची गोष्ट वेगळी. तेथे ऑक्सिजन संपण्याचा वेग भरून येण्याच्या वेगापेक्षा जास्त होतो. मग पाण्याला घाण वास येतो आणि मासे मरून तरंगतात. मूर्ती विसर्जनासंबंधी केंद्रीय मंडळाने 2010 साली मार्गदर्शक सूचना काढल्या व 2020 साली त्या सुधारल्या. विसर्जनापूर्वी फुले, वस्त्रे आणि सजावट काढून घ्यावी, असे त्यांत सांगितले आहे.

हे सारे वर्गात दाखवता येते. एकाच तळ्याचे पाणी दोन सारख्या काचेच्या बाटल्यांत घ्या. एका बाटलीत पांढऱ्या शेवंतीच्या थोड्या पाकळ्या चुरून टाका. दोन्हींत मिथिलीन ब्ल्यूच्या विरल द्रावणाचे सारखेच थेंब घाला. फिकट निळा रंग पुरे. बाटल्या काठोकाठ भरा, घट्ट बुचे लावा आणि अंधाऱ्या जागी ठेवा. दोन-तीन दिवस रोज पाहा. ऑक्सिजन संपला की हे रंगद्रव्य रंगहीन होते. पाकळ्यांच्या बाटलीतील निळा रंग आधी उडेल. ती उघडून थोडे पाणी ओता आणि हवेसह हलवा, निळसर छटा परत येते. डेअरीत दुधातील जीवाणूंचा अंदाज घेण्याची एक चाचणी याच तत्त्वावर आधारलेली आहे. प्रयोगानंतर हात साबणाने धुवावेत.

पण निर्माल्य पाण्यातून वाचवले म्हणजे काम संपत नाही, हा धडा आम्हाला पहिल्याच वर्षी मिळाला. गोळा केलेले सारे निर्माल्य आम्ही शाळेमागच्या खड्ड्यात दाबून भरले. पाऊस झाला, खड्ड्यात पाणी साचले आणि आठवड्याभरात शेजारचे लोक नाकाला पदर लावून तक्रार घेऊन आले. त्यांचे म्हणणे बरोबर होते. नदीत जे होऊ नये म्हणून आम्ही धडपडलो, तेच आम्ही खड्ड्यात घडवून आणले होते. तेथेही ऑक्सिजनच कमी पडला होता.

दुसऱ्या वर्षी आम्ही जमिनीवर, पत्र्याच्या आडोशाला, विटांमध्ये फटी ठेवून हौद रचला. आधी दोरे, तारा, प्लास्टिक आणि उदबत्तीच्या काड्या निवडून काढल्या. निर्माल्याचा एक थर, सुक्या पाल्याचा एक थर आणि वर शेणकाल्याचा शिपका. ढीग पिळलेल्या फडक्याइतकाच ओला ठेवला आणि आठवड्याला वरखाली केला. वास आला नाही. हिवाळ्यात शाळेच्या बागेला खत मिळाले.

तुमच्या मंडळाने हे काम घेतले, तर एक तराजू आणि एक वही जरूर ठेवा. गोळा केलेले निर्माल्य तोला. त्यातील 100 ग्रॅम फुले कडक उन्हात पूर्ण वाळवून पुन्हा तोला आणि आमचा दहा ग्रॅमचा अंदाज तपासा. मग किती लिटर पाण्याचा ऑक्सिजन वाचला, हे मुलांनाच काढू द्या.

आणि घाटावर कोणाच्या हातातून हार ओढू नये. आजींना आता आमची मुले सहा पिंपांचा हिशेब सांगतात आणि निर्माल्य कलश पुढे धरतात. हार त्यात घालायचा की नाही, हे आजींनी ठरवायचे.