जर्नल आहे ना, मग काळजी कसली?

मध्येच वीज जाते, कॉम्प्युटर बंद पडतो, पुन्हा चालू केला की फायली जागच्या जागी असतात. हे श्रेय फाइल सिस्टिमच्या जर्नलचं. बदल मूळ जागी करण्याआधी त्याची नोंद वेगळ्या जागी करायची आणि नोंद पुरी झाल्यावरच मूळ जागेला हात लावायचा. मध्ये काही अडलंच, तर पुरी नोंद वाचून राहिलेलं काम उरकायचं आणि अर्धवट नोंद टाकून द्यायची. लिनक्सच्या ईएक्सटी२ला असं जर्नल जोडण्याचा आराखडा स्टीफन ट्वीडी यांनी १९९८ मध्ये मांडला. त्यातून ईएक्सटी३ घडली आणि २००१ साली ती मूळ कर्नलमध्ये दाखल झाली. तेव्हापासून एक समज घट्ट बसला आहे, की जर्नल असलं म्हणजे डेटा सुरक्षित.

मुळात आजच्या ईएक्सटी४चं जर्नलसुद्धा नेहमीच्या रीतीत फायलींमधला मजकूर नोंदवत नाही. फाइल कुठे आहे, केवढी आहे, कोणत्या फोल्डरात आहे, एवढाच मेटाडेटा त्यात जातो. दुसरी गोष्ट अधिक गंभीर. जर्नलचं भांडण वीज जाण्याशी आहे, कर्नलमधल्या चुकीशी नाही. एखादा चुकार पॉइंटर मेमरीतल्या मेटाडेटावर भलतंच काही लिहून गेला, तर जर्नल ते भलतंच इमानेइतबारे डिस्कवर उतरवतं. मुनिमाच्या कानावरच आकडा चुकीचा पडला, तर रोजकीर्द कितीही टापटीप असली तरी आकडा चुकीचाच राहणार.

यावर हमखास येणारं उत्तर म्हणजे चेकसम, म्हणजे ब्लॉकमधल्या मजकुरावरून काढलेला पडताळणीचा आकडा. पण चेकसम काढला जातो तो नोंद डिस्ककडे रवाना होताना. ब्लॉक त्याआधीच बिघडला असेल, तर बिघडलेल्या ब्लॉकचा चेकसम अगदी बरोबर निघतो.

कर्नलवर काम करणाऱ्या नवख्यांचा दुसरा आवडता समज असा, की कोड ज्या ओळीवर कोसळला तिथेच चूक असणार. जर्नलच्या कोडमध्ये हा समज फार महागात पडतो. तिथे एकच बफर अनेकांच्या हातात असतो. कोणी त्यात बदल करत असतो, कोणी तो ट्रान्झॅक्शनला जोडत असतो, आणि साधारण दर पाच सेकंदांनी जागा होणारा कमिटचा धागा तो डिस्कवर लिहीत असतो. बफर कितीजण वापरताहेत याचा आकडा एके ठिकाणी एकने जास्त कमी झाला, की बफर वेळेआधी मोकळा होतो. ती मेमरी दुसऱ्याच कुणाला मिळते. कमिटचा धागा जागा होऊन जुन्या पत्त्यावर जातो आणि तिथे कोसळतो. गुन्हा करणारा केव्हाच निघून गेलेला असतो. अहवालात नाव येतं ते कमिटच्या कोडचं.

म्हणून कर्नलच्या डीबगिंग सोयी मोकळ्या केलेल्या मेमरीत मुद्दाम एक ठरावीक खूण भरून ठेवतात. कोसळल्याच्या अहवालात पत्त्याच्या जागी ६बी६बी६बी६बी अशी रांग दिसली, की जाणकार समजतो, कुणीतरी मेमरी सोडून दिल्यावरही ती वापरतो आहे. २०१५ मध्ये लिनक्स ४.० मध्ये आलेलं केसॅन हे साधन त्याहून पुढे जातं. दर आठ बाइटमागे एक बाइट ते पहाऱ्यासाठी राखून ठेवतं आणि चूक पकडली, की तीन ठिकाणं छापतं: मेमरी कुठे घेतली, कुठे सोडली, आणि सोडल्यावर कुठे वापरली. या तिन्हींतलं मधलं ठिकाण आधी वाचावं. उत्तर बहुतेकदा तिथेच असतं.

मेमरीच्या चुका शोधणाऱ्याने फाइल सिस्टिमकडून शिकावं, असंही नेदरलँड्समध्ये घडलं आहे. ॲम्स्टरडॅमच्या फ्रेये विद्यापीठातले एरिक व्हान डर कौवे, विनोद निगडे आणि क्रिस्तियानो जुफ्रिदा यांनी २०१७ मध्ये डँगसॅन नावाचं साधन मांडलं. कोणता पॉइंटर कोणत्या मेमरीकडे बोट दाखवतो याच्या नोंदी त्याला सतत कराव्या लागतात, मात्र त्या वाचण्याची वेळ क्वचित, म्हणजे मेमरी मोकळी करतानाच येते. लिहिणं उदंड आणि वाचणं कमी, हाच तर लॉग-स्ट्रक्चर्ड फाइल सिस्टिमचा प्रांत. त्यांनी तीच रचना उचलली.

तिसरा समज म्हणजे, ‘चूक पुन्हा दिसत नाही, म्हणजे रॅमच खराब.’ तपासासाठी कोडमध्ये छापण्याची एक ओळ घातली आणि चूक गायब झाली, की हा संशय आणखी बळावतो. खरं तर छापायला वेळ लागतो, त्यामुळे दोन धाग्यांची गाठ पडण्याचा क्षण हुकतो. चूक तिथेच असते. रॅमवर ठपका ठेवणं सोयीचं, कारण मग आपला कोड पुन्हा वाचावा लागत नाही.

तरीही रॅम निर्दोष असते असं नाही. मेमरीतल्या एकाच ओळीवर पुन्हापुन्हा मारा केला, तर शेजारच्या ओळीतले बिट उलटतात. रोहॅमर नावाचा हा दोष २०१४ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या संशोधकांनी तपासलेल्या १२९ पैकी ११० मॉड्यूलमध्ये आढळला. त्यावर ईसीसी मेमरी, म्हणजे बिटांच्या चुका स्वतःच दुरुस्त करणारी मेमरी, हा उपाय आहे, असं सांगितलं जायचं. फ्रेये विद्यापीठाच्या व्हीयूसेक गटाने २०१८ मध्ये ईसीसीलाही चकवता येतं हे दाखवलं. पुढे २०२० मध्ये याच गटाच्या सहभागाने झालेल्या कामात, रोहॅमरपासून सुरक्षित म्हणून विकल्या गेलेल्या डीडीआर४च्या ४२ पैकी १३ मॉड्यूलमध्ये बिट उलटवता आले.

‘सगळ्या चाचण्या पास झाल्या, म्हणजे कोड निर्दोष’ या समजाला तर नेदरलँड्सनेच फार पूर्वी सुरुंग लावला होता. चाचणीतून चुका आहेत हे कळतं, नाहीत हे कळत नाही, ही एड्सगर डायक्स्ट्रा यांची भूमिका सर्वांना ठाऊक असते. त्यामागचा त्यांचा अनुभव कमी जणांना ठाऊक असतो. आइंडहोव्हनमध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह उभारलेल्या ऑपरेटिंग सिस्टिमवरच्या १९६८च्या लेखात ते सांगतात, की चाचणीत फक्त किरकोळ चुका निघाल्या, ५०० सूचनांमागे एक या प्रमाणात. डीबगिंगचा विचार मात्र आधी जेमतेमच केला होता, हेही ते तिथेच कबूल करतात.

शेवटचा समज मायक्रोकर्नलचा. अँड्र्यू टॅनेनबॉम यांनी १९८७ मध्ये ॲम्स्टरडॅममध्ये शिकवण्यासाठी मिनिक्स ही मायक्रोकर्नलवरची ऑपरेटिंग सिस्टिम लिहिली. लिनक्सची पहिली फाइल सिस्टिम मिनिक्सचीच होती, १४ अक्षरी नावं आणि ६४ एमबीच्या मर्यादेसकट. पुढच्या मिनिक्स ३मध्ये प्रत्येक ड्रायव्हर वेगळ्या प्रक्रियेत कोंडलेला असतो. चार इथरनेट ड्रायव्हरांमध्ये ३४ लाख चुका मुद्दाम पेरूनही सिस्टिम कोसळली नाही. एकदाच ती अडकली, तेही बहुधा सदोष हार्डवेअरमुळे. यावरून फाइल सिस्टिमही मेली की नुसती पुन्हा सुरू करायची, असं वाटतं. पण ड्रायव्हरच्या हाती फारसं काही साठलेलं नसतं. फाइल सिस्टिमच्या मेमरीत मात्र डिस्कवर न पोचलेले बदल असतात, आणि ती मेली की तेही जातात.

फ्रेये विद्यापीठातच डेव्हिड व्हान मोलेनब्रुक, राजा अप्पुस्वामी आणि टॅनेनबॉम यांनी मिनिक्स ३वरच्या लोरिस या साठवणुकीच्या रचनेत यावर उपाय शोधला. डिस्कवरच्या शेवटच्या सुसंगत स्थितीपासून पुन्हा सुरुवात करायची आणि त्यानंतरची कामं मेमरीतल्या लॉगमधून परत करून घ्यायची. इथे लॉग वीज गेल्यावर उपयोगी नाही; तो कोड कोसळल्यावर कामी येतो. अर्थात तो राहतो मेमरीतच, आणि मेमरी बिघडू शकते. पुढच्या कामात त्यांनी पेज कॅशमधल्या पानांनाही चेकसम लावले.