घाटात आधी घोडी बघा

हिंजवडीच्या कंपन्या मागे टाकून माणच्या पुढे मुळशीच्या आतल्या भागात शिरलं की चैत्र-वैशाखात रस्त्याकडेला यात्रांचे फलक दिसू लागतात. ग्रामदैवताचं नाव, पंच कमिटी, कुस्त्यांचा आखाडा आणि ठळक अक्षरांत ‘भव्य बैलगाडा शर्यत’. या भागात नव्यानं राहायला आलेल्यांनी एकदा तरी तिथं जावं. लांबून भोंगा ऐकून ‘गोंगाट’ म्हणून खिडक्या लावून घेणाऱ्यांनी तर जावंच.

शर्यतीच्या धावपट्टीला इथं घाट म्हणतात. खाली गाडा जुंपायचा, वर चढावाच्या शेवटी निशाण. गाड्याला बैल चार: पुढची जोडी जुकाट, मागची धुरेकरी. एका वेळी एकच गाडा सुटतो, त्याला म्हणायचं बारी. शेजारी प्रतिस्पर्धी नसतो, स्पर्धा घड्याळाशी. काही सेकंदांत सगळं आटोपतं आणि निवेदक सेकंदाचे भाग मोजून वेळ पुकारतो. दिवसभरात ज्याची वेळ सर्वांत कमी, तो घाटाचा राजा.

पुण्याच्या लष्कर भागातलं रेसकोर्स आपल्याला ऐकून तरी माहीत असतं. तिथं १८३०पासून घोडे धावतात, मोसम पावसाळ्यातला, आणि तुल्यबळ सामना व्हावा म्हणून सरस घोड्याच्या पाठीवर जादा वजन देतात. तिथं सगळं घोड्याभोवती फिरतं. मुळशीच्या घाटातही घोडा आहे, पण नवख्याची नजर बैलांवर खिळते आणि तो निसटतो. गाड्याच्या पुढे स्वार घेऊन एक घोडी धावते, तिच्यामागे बैल झेपावतात. घाटातलं खरं कसब मला तिथं दिसलं.

एका यात्रेत एक घोडीवाले काका झाडाखाली घोडीची पाठ चोळत बसले होते. मी विचारलं, वेगवान घोडी हवी, एवढंच ना? त्यांनी मान हलवली. “नुसती पळणारी कुणी बी आणंल. मागं कान ठिवून पळणारी पायजे.” घोडी फार पुढं गेली तर बैल तिचा नाद सोडतात, मागं रेंगाळली तर गाडा अंगावर येतो. अंतर राखायचं ते स्वारानं आणि घोडीनं मिळून. निशाण ओलांडलं की गर्दीत न घुसता तिला बाजूला काढायचं, हेही तितकंच अवघड. ढोल, भोंगा, उधळलेला भंडारा यांना ती बुजू नये म्हणून काका तिला लहानपणापासून यात्रांत नुसती उभी करायला नेत. तिच्या अंगावरून फिरणारा त्यांचा हात बोलतानाही थांबत नव्हता.

२०१४च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयानं शर्यतींवर बंदी घातली. डिसेंबर २०२१मध्ये ती अटींसह उठली आणि २०२३मध्ये घटनापीठानं राज्याचा कायदा वैध ठरवला. आता जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, जनावरांची तपासणी होते, चाबूक-काठीला मनाई आहे. हे नियम मला मनापासून पटतात. ते प्रत्येक घाटात कसोशीनं पाळले जावेत. पण बंदीच्या सात वर्षांत अनेकांनी जनावरं विकली. काकांनी घोडी ठेवली. लग्नाच्या वरातींवर तिचं वैरण-पाणी निघालं.

बंदी उठली, तरी घाटावरचं दुसरं संकट वाढतंच आहे. मुळशीत गुंठ्याचे भाव कुठं गेलेत ते सर्वांना ठाऊक आहे. चढाव असलेली, यात्रेच्या दिवशी चारचौघांना उभं राहता येईल अशी मोकळी जागा आता प्लॉटिंगवाल्यांच्या डोळ्यांत भरते. काकांनी बोट दाखवलं तिकडं पत्र्याचं कुंपण होतं. त्यांच्या तरुणपणी तिथून गाडे सुटत. ग्रामपंचायतींनी गावठाणाजवळचा घाट तरी सार्वजनिक जागा म्हणून नोंदवून राखायला हवा. इमारती उभ्या राहिल्यावर ठराव करून काही मिळणार नाही.

जायचं असेल तर सकाळी लवकर पोहोचा, उन्हं चढली की उभं राहवत नाही. धावपट्टीत उतरू नका, निशाणाच्या समोरही थांबू नका; कडेच्या उंचवट्यावर जागा धरा. लहान मुलांचा हात सोडू नका. पहिल्या दोन-तीन बाऱ्या बैल बघा, मग एक बारी फक्त घोडीचे कान बघा.